जीभ वर कर

दर रविवारी जेवणं आटोपली की टेबलाच्या मधोमध एक काचेची वाटी यायची. ती आज ठेवायची की नाही, हे ताईला सकाळपासून ठरवता येत नव्हतं. दोनदा तिनं वाटी कपाटातून काढली, दोनदा परत ठेवली. खाली औषधांच्या दुकानात एकाच वेळी चार गिऱ्हाइकांना चार तऱ्हेचे सल्ले देणारी बाई ही. पण आज स्वतःच्याच स्वयंपाकघरात तिला काही सुचत नव्हतं.

वाटीत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्या. पिवळ्या, उजेडात धरल्या तर आरपार दिसणाऱ्या. आप्पा याच दुकानात, गल्ल्यामागच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्याच्या थोडं आधी डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताची नळी सगळ्यांना दाखवली होती. "साय धरलीय बघा यावर," असं ते म्हणाले होते. तेव्हापासून रक्तातली चरबी हा या घराचा वैरी झाला. आप्पांचं नाक आणि आप्पांचं टक्कल जसं पोरांकडे आलं, तशी ही चरबीही आली होती. ताईनं तेल सुरू केलं आणि तिचा आकडा असा काही खाली आला की डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला लावली. झालं. त्या दिवसापासून ताईला दुसरं काही दिसेना. गल्ल्यावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून पाटी लावली, "मला गुण आला, तुम्हालाही येईल", आणि घरात रविवारची वाटी सुरू केली.

एरवी रोजची कॅप्सूल प्रत्येकानं आपापल्या घरी घ्यायची; रविवारी मात्र वाटी फिरायची. ज्यानं त्यानं कॅप्सूल गिळायची आणि मग ताईपुढे तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. कुणाला वाटेल, काय हा पोरकटपणा. पण ही पद्धत पडली बारक्यामुळे.

बारक्या म्हणजे ताईचा सगळ्यांत धाकटा भाऊ. नावाचाच बारक्या, दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. लहानपणी हा जंताची कडू गोळी जिभेखाली दडवायचा आणि संधी साधून औषधाच्या कपाटामागे थुंकायचा. एकदा रंगकामासाठी कपाट सरकवलं, तर मागे गोळ्यांचा हा ढीग. आई हसली, आप्पा हसले, आणि ती गोष्ट पोराला जी चिकटली ती चिकटलीच. त्याला मिसरूड फुटलं, त्याचं लग्न झालं, त्याचे केस पिकले, तरी घरी कुणी पाहुणा आला की मधला भाऊ, ज्याला सगळं घर दादा म्हणतं, तो खुर्ची पुढे ओढायचा. "आमच्या बारक्याच्या गोळ्यांची गंमत सांगतो."

त्यामुळे सगळ्यांचे आकडे उतरले आणि एकट्या बारक्याचा चढला, तेव्हा कुणाला फार विचार करावा लागला नाही. गिळत नाही, दुसरं काय. बारक्यानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग सांगायचं सोडून दिलं. ताईनं फर्मान काढलं की रोज कामावर जाण्याआधी त्यानं दुकानात यायचं आणि तिच्यासमोर कॅप्सूल घ्यायची. तो यायचा. बंदरावर क्रेन चालवणारा, पन्नाशी उलटलेला बाप्या, औषधाला आलेल्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहायचा, आणि पाळी आली की ताई म्हणायची, "जीभ वर कर." तो करायचा. लोक बघायचे. एखादी बाई पदराआड हसायची. तरीही आकडा चढलाच, तेव्हा ताईनं एकाच्या दोन केल्या. बाहेर जाऊन ओकत असेल म्हणून त्याला दुकानात बसवून ठेवू लागली. कॅप्सूलवर शंका घ्यावी, हे तिच्या मनात एकदाही आलं नाही. माणसावर शंका घेणं सोपं होतं, शिवाय त्याची सवय होती.

इथवर असतं तरी तिनं स्वतःला माफ केलं असतं. पण ताईनं आणखी एक गोष्ट केली होती, आणि ती तिच्याशिवाय घरात कुणाला माहीत नव्हती. ठेवणीतले कपडे घालून ती एका दुपारी बंदरावरच्या कंपनीच्या डॉक्टरला भेटून आली होती. "तो औषध घेत नाही, डॉक्टर," तिनं सांगितलं होतं. "घेतो म्हणून सांगतो, पण घेत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. थोडे दिवस क्रेनवरून खाली उतरवा. घाबरेल, मग घेईल मुकाट्यानं." डॉक्टरनं मान डोलावली होती. आकडा चढलेला माणूस कंपनीला चालला असता, उपचार चालू आहेत म्हणून. खोटं बोलणारा माणूस एवढ्या उंचीवर, खाली माणसं वावरत असताना, त्यांना चालणार नव्हता. थोड्या दिवसांची गोष्ट कायमची झाली. बारक्या आता गोदामात साखळ्या मोजून रचत होता, आणि त्याच्या केबिनमध्ये दुसराच माणूस बसत होता.

आणि काल संध्याकाळी दादाच्या सुनेचा फोन आला.

सून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायची. आईबापांकडून शरीरात काय काय येतं आणि त्यानं औषधाचा गुण कसा बदलतो, हा तिच्या गटाचा अभ्यास. त्यांना एकाच घरातली भावंडं हवी होती, आणि ताईनं मोठ्या फुशारकीनं आपल्यासकट तिन्ही भावंडं पुढे केली होती. तिला वाटलं, आता बारक्याची लबाडी शास्त्रानंच सिद्ध होईल. सगळ्यांनी नळ्यांत थुंकी दिली, रक्त दिलं, आणि तेवढे दिवस वाटीत आणि दुकानातही ज्याच्या त्याच्या, आत काय ते न लिहिलेल्या बाटलीतल्याच कॅप्सूल घेतल्या. काही आठवडे बाटलीत माशाचं तेल होतं, काही आठवडे साधं. कुणाला कधी कुठलं, ते अभ्यास संपेपर्यंत कुणालाच कळू दिलं नव्हतं.

"आत्या," सून फोनवर म्हणाली होती, "उद्या जेवायला येईन तेव्हा सगळ्यांसमोर सांगेनच. पण तुम्हाला आधी सांगते. काका खरं बोलत होते."

त्यानंतर ती बरंच बोलली. ताईला एवढंच ऐकू आलं.

शेवटी वाटी कपाटातच राहिली.

पहिले आले दादा आणि वहिनी. दादा जिना चढून आला तो धापा टाकत, पण मोठ्या रुबाबात. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याला सकाळी फिरायचा नाद लागला होता आणि त्याचा आकडा ताईच्या खालोखाल उतरला होता. म्हणून रविवारच्या टेबलावर तो आदर्श पेशंट होता. "दादाकडे बघ जरा," हे वाक्य ताईनं बारक्याला किती वेळा ऐकवलं, त्याला सुमार नाही.

"सूनबाई मागून येतेय," वहिनी पिशवी ठेवत म्हणाली. "काल रात्रीपासून काही बोलत नाही. विचारलं तर म्हणते, उद्या सांगते. यांना मात्र चैन नाही. तीनदा विचारून झालं तिला."

"मी कशाला विचारीन," दादा म्हणाला. "मी आपलं सहज. म्हटलं, त्या रक्तात नेमकं काय काय दिसतं म्हणून."

ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिचे कान जिन्याकडे होते. जिना करकरला, दारात मान वाकली आणि बारक्या आत आला; मागोमाग त्याची बायको, जिला ताई लग्नापासून 'धाकटी' म्हणते.

"काय ताई, चेहरा का उतरलाय?" बारक्या म्हणाला. "बरं नाही का?"

"बरी आहे. बस."

तो बसला. त्याचे हात टेबलावर आले आणि ताईनं नजर फिरवली. क्रेन चालवायचा तेव्हा त्याचे हात मऊ असायचे. बोटांनी दांडी नुसती हलवायची, जोराचं काम नव्हे, असं तो सांगायचा. आता साखळ्यांनी तळव्यांना घट्टे पडले होते, नखांत काळं वंगण बसलं होतं, आणि ते साबणानं निघत नसावं. पूर्वी जेवताना तो केबिनमधल्या गोष्टी सांगायचा. पहाटे वरून बंदर कसं दिसतं, पक्षी काचेवर येऊन कसे बसतात, जहाजावरची माणसं मुंग्यांएवढी कशी वाटतात. हल्ली विचारलं तर म्हणायचा, "साखळीचं काय सांगायचं, साखळी ती साखळी."

जेवण सुरू झालं. सून आली, हात धुऊन टेबलाच्या टोकाला बसली. ती ताईकडे बघत नव्हती. ताईनं तिला बटाटे वाढले. मग पाव पुढे केला. मग पाणी. आणखी वाढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती खाली बसली.

जेवण संपत आलं तसा बारक्याच म्हणाला, "ताई, वाटी विसरलीस. आण, म्हणजे मोकळे होऊ."

"आज नको," ताई म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. आप्पांच्या माघारी, दोन भावांत दुकानावरून बोलाचाल बंद होती त्या रविवारीसुद्धा वाटी चुकली नव्हती.

"सूनबाई," ताई म्हणाली, "सांग तू."

सुनेनं ताट बाजूला सारलं. "बाबा, आई, मी फार सोपं करून सांगते. प्रत्येकाच्या शरीरात जी माहिती असते तिच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या अभ्यासात आम्ही त्यातली एक जागा बघत होतो. त्या जागी आत्यांच्या दोन प्रती एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत. काकांच्या दोन्ही सारख्या."

"म्हणजे सख्खी भावंडं असून वेगळी?" वहिनीनं विचारलं.

"आई, एकीचे डोळे आईसारखे, दुसऱ्याचे बापासारखे, असं होतंच की. हेही तसंच. प्रती कुठल्या मिळतात हे आपल्या हातात नसतं."

"बरं मग?"

"मग असं, की आत्यांसारख्यांना हे तेल दिलं तर रक्तातली चरबी उतरताना दिसते. काकांसारख्यांना तेच तेल दिलं तर उतरत नाही. काकांच्या बाबतीत उलट चढली. साधं तेल असलेल्या बाटलीवर होते तेव्हा आकडा खाली आला. माशाच्या तेलावर परत गेले, की परत वर. एकाच जागेवर सगळं ठरतं असं मी म्हणत नाही. खाणं असतं, वजन असतं, आणखी कितीतरी असतं, आणि आमचं कामही अजून पुरं व्हायचंय. पण काकांना हे तेल सोसत नाही, एवढं मला दिसलंय."

धाकटीनं हातातला चमचा हळूच खाली ठेवला.

"पण तो गिळत होता की नाही, हे तुला कसं कळणार?" दादानं विचारलं. "समजा नसलाच गिळत—"

"तेही कळतं, बाबा. तेल नियमानं पोटात गेलं, तर रक्ताच्या तांबड्या पेशींत त्याची खूण राहते. बरेच दिवस राहते. काकांच्या रक्तात ती खूण आपल्या घरात सगळ्यांपेक्षा जास्त आहे. अभ्यास सुरू व्हायच्या आधी घेतलेल्या रक्तातसुद्धा. काकांनी एकही चुकवलेली नसणार."

बारक्या खाली मान घालून पावाचे कण बोटानं गोळा करत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चोरी सापडल्यावर होतात तशा त्या लाल झालेल्या बघून ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. निर्दोष ठरलेल्या माणसानं असं बसायचं असतं का? त्याला असं बसायला कुणी शिकवलं?

"सगळ्यांची खूण दिसते का त्यात?" दादानं एकदम विचारलं. "म्हणजे, प्रत्येकाची?"

"दिसते," सून म्हणाली, आणि पाण्याचा पेला उचलून बराच वेळ पाणी पीत राहिली.

वहिनी नवऱ्याकडे वळली. चाळीस वर्षांचा संसार. तिला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. "तुमची किती आहे हो खूण?"

"मला काय विचारतेस, तिला विचार."

"ती बिचारी सासऱ्याचं कसं सांगेल? तुम्हीच सांगा."

दादानं रुमाल काढून टक्कल पुसलं. "ढेकर येतात गं मासळीचे," तो हळूच म्हणाला. "दिवसभर येतात. सकाळी चार माणसांत फिरायला जातो मी. बरं दिसतं का ते?"

"मग जीभ वर करून दाखवायचात ती?"

"जिभेखाली नाही ठेवायचो. वर, गालात. दाढेच्या मागे." एवढं बोलून त्याला स्वतःलाच ते कसं दिसतंय हे कळलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "पण माझा आकडा उतरलाच ना? फिरण्यानं उतरला. संध्याकाळचा पेला सोडला त्यानं उतरला. मग कुणाचं काय बिघडलं? आणि खरं सांगायचं तर मी तेव्हाच ताईला म्हणालो होतो, बारक्याला एवढं छळू नको."

"कधी म्हणालात?" धाकटीनं विचारलं.

ती सहसा या टेबलावर बोलायची नाही. तिचा आवाज ऐकून दादाचा रुमालाचा हात टकलावरच थांबला.

"कधी म्हणालात, भावजी? मी दर रविवारी इथंच बसलेली असते. कपाटामागच्या गोळ्यांची गोष्ट मी तुमच्याच तोंडून ऐकली, लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात. माझ्या पोरांनी ऐकली. माझा जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यालाही तुम्ही तीच सांगितलीत. आणि तुमच्या गालात कॅप्सूल असायची?"

"अगं, गंमत ती—"

"गंमतच. म्हणून मीसुद्धा हसायचे." ती ताईकडे वळली, आणि ताईनं मनाची तयारी केली, पण धाकटीचा राग ताईवर नव्हता, निदान एकट्या ताईवर नव्हता. "तुम्ही म्हणालात म्हणून मी यांचे खिसे तपासले, ताई. रोज रात्री सदरा काढला की मी खिसे उलटे करून बघायचे, कॅप्सूल सापडते का. एकदा हे जागे होते. बघितलं मला आणि कूस वळवून झोपले. दुसऱ्या दिवसापासून हे स्वतःच खिसे उलटे करून सदरा खुंटीला लावायला लागले. माझा त्रास वाचावा म्हणून. माझा नवरा आहे हो तो. माझा विश्वास नको होता का?"

वहिनीनं खुर्ची तिच्याजवळ सरकवून तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी जावांचं एरवी पटत नाही. दुकानाच्या वाटणीपासून दोघींत मोजकंच बोलणं होतं. आज वहिनी नवऱ्याकडे पाठ करून धाकटीशेजारी बसली, आणि दादा टेबलाच्या त्या बाजूला एकटा पडला. त्यानं आधारासाठी ताईकडे पाहिलं. इतकी वर्षं हे दोघं एका बाजूला असत.

"ताई, तू तरी सांग," तो म्हणाला. "आपण त्याच्या भल्यासाठीच केलं ना?"

ताईला फार सोपं होतं. हो म्हणायचं. बारक्याच्या भल्यासाठी केलं, शास्त्र तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलं, आता तेल बंद. सगळ्यांनी मान डोलावली असती. बारक्यानं तर सगळ्यांत आधी डोलावली असती. कंपनीच्या डॉक्टरकडे ती गेली होती हे कुणालाच कळलं नसतं. घरात हात वर करण्यात दादा पटाईत. त्याच्यासोबत तिनंही केले असते, एवढंच.

तिनं बारक्याच्या हातांकडे पाहिलं. ते घट्टे तेलानं पडले नव्हते. ते तिच्या जिभेनं पडले होते.

"भल्यासाठी नाही," ती म्हणाली. "मला माझंच खरं करायचं होतं. गल्ल्यावर पाटी लावून बसले होते मी. सगळ्या गावाला गुण आला आणि माझ्या घरात, माझ्याच हातानं वाढवलेल्या पोराला आला नाही, हे मला सहन होईना. तो खोटा ठरला तर माझं तेल खरं ठरत होतं."

"असू दे गं ताई," बारक्या म्हणाला.

"असू दे नको म्हणूस. मला बोलू दे, नाहीतर माझ्यानं परत बोलवणार नाही." तिनं दोन्ही हात टेबलावर घट्ट धरले. "तुला क्रेनवरून आकड्यासाठी नाही उतरवलं. मी तुमच्या डॉक्टरला जाऊन भेटले होते. तू औषध घेत नाहीस आणि घेतो म्हणून खोटं सांगतोस, असं मी त्यांना सांगितलं. थोडे दिवस खाली उतरवा असंही मीच म्हणाले. तुझी केबिन मी घालवली."

धाकटीनं तोंडावर पदर धरला. दादा म्हणाला, "काय सांगतेस?" आणि त्याच्या आवाजात थोडी सुटका होती, आता टेबलावर त्याच्याहून मोठा गुन्हेगार होता. ताईला ते कळलं आणि त्याचा रागही आला नाही.

ती बारक्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो चिडेल, ताट ढकलेल, उठून जाईल. त्यानं यातलं काहीतरी करावं असं तिला फार वाटत होतं.

बारक्यानं गोळा केलेले पावाचे कण ताटात टाकले. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू गेली होतीस ते. उतरवलं त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले. मी त्यांना सांगत होतो, साहेब, मी रोज घेतो. तर म्हणाले, तुमच्या सख्ख्या बहिणीनं येऊन सांगितलंय, आता आणखी किती खोटं बोलाल."



"आणि तरी तू येत राहिलास?" ताईनं विचारलं. "त्यानंतरही, रोज सकाळी, दुकानात?"

"मग काय करणार? नाही आलो असतो तर तुला वाटलं असतं, तुझंच खरं होतं." त्यानं खांदे उडवले. "शिवाय मला वाटलं, तू म्हणतेस तर असेलही. कधी कधी वाटायचं, झोपेत थुंकत असेन. धाकटी खिसे बघायची तेव्हा मीही मनात म्हणायचो, बघू दे, न जाणो सापडायची."

वहिनी उठली आणि उगाच ताटं गोळा करू लागली. सून ताईजवळ आली. "आत्या, मी काल तुम्हाला फोन केला तो काकांनी सांगितलं म्हणून," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांना परवाच कळवलं होतं. रक्त त्यांचं, म्हणून आधी त्यांना. ते म्हणाले, सगळ्यांसमोर सांगायला हरकत नाही, पण ताईला आधी सांग. तिला चारचौघांत खाली बघायला लागायला नको."

ताईला गल्ल्यापुढची रांग आठवली. पदराआड हसणारी ती बाई आठवली. चारचौघांत काय करू नये, हे या भावाला कळत होतं, आणि ते त्याला तिनं तरी नक्की शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवशी कुणी फार वेळ थांबलं नाही. दादा निघताना बारक्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला, बारक्या म्हणाला, "ढेकरांचं खरं आहे पण. मलाही येतात," आणि दादाला हसावं की रडावं ते कळेना. वहिनी धाकटीला म्हणाली, "उद्या दुपारी ये आमच्याकडे," आणि धाकटी येते म्हणाली. मग सगळे खाली उतरले. बारक्या तेवढा जिन्याच्या तोंडाशी चपला घालत मागे राहिला.

ताई खाली दुकानात एक खेप करून आली होती. गल्ल्यावरची पाटी तिनं काढली होती आणि ती अजून तिच्या हातातच होती. कुठे टाकावी ते सुचत नव्हतं.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर बंदरावर," ती म्हणाली. "तुमच्या डॉक्टरला तोंडावर सांगते, खोटं मी बोलले. सूनबाईलाही बरोबर घेते. काय दाखवायचं ते ती दाखवेल."

"ये." बारक्या वाकून चपलेचा पट्टा ओढत होता. "पण केबिनमध्ये आता तो नवा माणूस आहे. चांगला चालवतो. घरी लहान पोरं आहेत त्याला. त्याला उतरवून मला चढवा असं मात्र म्हणू नको."

"मग मी येऊन उपयोग काय?"

त्यानं थोडा विचार केला. "गोदामातली माणसं माझ्या भरवशावर काही ठेवून जात नाहीत," तो म्हणाला. "डबासुद्धा. मी खोटा माणूस आहे असं पसरलंय ना. तेवढं गेलं तरी पुष्कळ झालं. क्रेनचं मागाहून बघू."

ताईनं माफ कर म्हणावं, तर तो लगेच केलं म्हणणार होता, आणि तेच तिला नको होतं. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. ताप आला की ती त्याच्या गालाला हात लावून बघायची, आणि तो झोपेतही तोंड तिच्या हाताकडे वळवायचा. पुढे तिनं लग्न केलं नाही, दुकान धरलं, त्याला मोठं केलं. त्याच्या गालाला शेवटचा हात कधी लावला होता, हे तिला आठवेना. पाटी खाली ठेवून तिनं हात वर केला आणि त्याच्या गालाकडे नेला.

हात पोचायच्या आत बारक्यानं मान तिच्यापुढे वाकवली, तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं घाईघाईनं तोंड मिटलं.

"सवय गं," तो म्हणाला, आणि ओशाळला तो.